पेसमेकर असलेल्या पेशंटजवळ आरएफआयडी रीडर चालतो का?

खाडीकाठचा:
आमच्या अण्णांना पेसमेकर आहे, कोल्हापूरला बसवलेला. गेल्या आठवड्यात ताप उतरेना म्हणून इकडे तालुक्याच्या गावी एका हॉस्पिटलात ठेवलं. मनगटाला पट्टी बांधली, आत आरएफआयडी चिप (रेडिओ लहरींनी वाचली जाणारी), गोळी द्यायच्या आधी सिस्टर येऊन रीडर पट्टीजवळ धरणार. आता अण्णांची सवय अशी की झोपताना डावा हात छातीवर, पट्टी त्याच हाताला आणि पेसमेकरचा फुगवटा डाव्या खांद्याखाली, म्हणजे रीडर येतो तो बरोब्बर त्याच्यावर! याची फ्रिक्वेन्सी काय असं तिघांना विचारलं, एकालाही माहीत नाही. माझं स्पष्ट मत, हे लेखी मिळत नाही तोवर अशा पेशंटजवळ रीडर आणूच नये.

बायोमेडवाला_रत्नागिरी:
दादा काळजी समजते पण सरसकट बंदी नको. मुंबईला जाताना टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो तोही आरएफआयडीच, यूएचएफ म्हणजे खूप जास्त फ्रिक्वेन्सीचा. अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) लोकांनी पेसमेकर आणि आयसीडी (ठोके फारच बिघडले तर झटका देणारं छातीतलं यंत्र) रीडरसमोर ठेवून तपासले होते, २०१० साली छापून आलं. १३४ किलोहर्ट्झच्या लो फ्रिक्वेन्सी रीडरने पेसमेकरच्या ६७ टक्के चाचण्यांत गडबड झाली, ६० सेंमीवरून सुद्धा. यूएचएफने एकदाही नाही. शिवाय मशीन सापडावीत म्हणून त्यांनाही असे टॅग लावतात; रात्री सिरिंज पंप (औषध थोडं थोडं सोडणारं मशीन) कुठल्या वॉर्डात गेलाय ते शोधण्यात जो वेळ जातो तो पण पेशंटचाच असतो ना.

हर्णैची_लाट:
यूएचएफला एवढं निर्दोष ठरवू नका. २००८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ॲमस्टरडॅमचा हॉस्पिटलातल्या मशीनवरचा आरएफआयडीचा अभ्यास आला होता, ४१ उपकरणं, १२३ चाचण्या, ३४ वेळा अडथळा, त्यातले २२ धोकादायक. व्हेंटिलेटर बंद पडला, सिरिंज पंप थांबले, बाहेरून लावायचा पेसमेकर बिघडला. आणि ३४ पैकी २६ वेळा कारण होती ८६८ मेगाहर्ट्झची पॅसिव्ह (टॅगमध्ये बॅटरी नसलेली) सिस्टीम, म्हणजे यूएचएफच, आपल्या फास्टॅगच्या अगदी शेजारची. छातीतलं यंत्र सुखरूप आणि खाटेशेजारचा पंप बंद, मग काय उपयोग? आयसीयूत आधी तिथल्याच मशीनवर तपासून बघा, मगच टॅग लावा.

कुडाळकर:
माझ्या आवशीक पण पेसमेकर आसा. डॉक्टरान सांगलेला, मोबाईल सहा इंच लांब ठेव. मग ह्या रीडराक वेगळो नियम कित्याक?

रात्रपाळी_सिस्टर:
मी वॉर्डात काम करते म्हणून लिहिते, पट्टी काढून टाका म्हणणं सोपं आहे पण एकाच वाडीतले एकाच आडनावाचे दोन म्हातारे शेजारशेजारच्या खाटांवर असतात, दोघांनाही ऐकू कमी, नाव विचारलं की दोघेही हो म्हणतात, तेव्हा ती पट्टीच आम्हाला वाचवते. पण पेसमेकरवाल्यांना चिपऐवजी छापील बारकोडची पट्टी द्या ना, ती उजेडाने वाचली जाते, रेडिओ लहरींचा प्रश्नच येत नाही. ॲडमिशनच्या कागदावर पेसमेकरचा रकाना असतोच, तिथे टिक झाली की पट्टी वेगळी. फार खर्चाचं नाही हे.

बायोमेडवाला_रत्नागिरी:
सिस्टरांचं पटलं. हर्णैच्या ताईंचा मुद्दाही खरा, आयसीयूसाठी मी माझं म्हणणं मागे घेतो. पट्टीजवळ न्यावा लागतो तो हातातला रीडर बहुतेक १३.५६ मेगाहर्ट्झचा असतो, त्याच एफडीएच्या चाचण्यांत त्याने पेसमेकरला ६ टक्के वेळा त्रास झाला. कमी आहे, शून्य नाही. तरी बंदी नकोच म्हणेन, कारण प्रत्यक्ष पेशंटला इजा झाल्याची नोंद एफडीएकडेही तेव्हा नव्हती. अंतर ठेवा, रीडर छातीवर रेंगाळू देऊ नका.

खाडीकाठचा:
६ टक्के तुम्हाला कमी वाटतात, माझ्या अण्णांचे ठोके पूर्ण त्या यंत्रावर चालतात, ते क्षणभर गप्प बसलं तरी चक्कर येऊन पडतील. बारकोडचं आज सकाळी सांगितलं, प्रिंटर नाही म्हणाले. मग पट्टी उजव्या हाताला बांधून घेतली आणि सिस्टर आल्या की हात खाटेबाहेर काढायचा असं अण्णांना शिकवलंय. फ्रिक्वेन्सीचं पत्र अजून आलेलं नाही, उद्या परत विचारणार.