मदत हवी आहे : लायसन्स निलंबित असलेला ड्रायव्हर, टेम्पो आमचा, जबाबदारी किती?

मंडळी, कुर्ल्याला आमचं किराणा मालाचं होलसेल दुकान आहे. टेम्पो आमच्या नावावर, थर्ड पार्टी विमा चालू. दोन महिन्यांपूर्वी ड्रायव्हर ठेवला. कार्ड पाहिलं, झेरॉक्स घेतली, मुदत शिल्लक होती. गेल्या आठवड्यात एलबीएस रोडवर त्याची एका स्कूटरवाल्या काकांना धडक बसली. त्यांचा पाय मोडलाय. एफआयआर झाला, तेव्हा कळलं की कामाला लागण्याआधीच आरटीओने त्याचं लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित केलं होतं. कार्डावर तसं काहीच दिसत नाही. परिवहनच्या साइटवर नंबर टाकला तेव्हा दिसलं. हे आधी करायला हवं होतं, मान्य आहे.

ड्रायव्हरला गाडीवरून उतरवलंय. विमा कंपनीला लेखी कळवलंय. एजंट म्हणतो क्लेम नाकारतील. मोटार वाहन कायद्याचं कलम ५ आणि १८० (वैध लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू दिली तर मालकाला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही) वाचलं. स्वरण सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये म्हटलंय की मालकाने हयगय केली हे विमा कंपनीने सिद्ध करायचं. पण तो निकाल निलंबित लायसन्सलाही लागतो का?

काकांची भरपाई अडू नये, हे आधी. दंड भरायची तयारी आहे. कोणी मोटार अपघात न्यायाधिकरणात असं प्रकरण लढवलंय का? नुसतं कार्ड पाहणं ही पुरेशी खबरदारी धरतात, की कंपनी आधी पैसे देऊन नंतर आमच्याकडून वसूल करते?