मानकात नाही, म्हणून अहवालातही नको?

प्रश्न:
घरगुती विद्युत उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत मी गुणवत्ता तपासणीचे काम पाहतो. आमचा नवा हीटर मानकातील सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाला आहे. मात्र ठरलेल्या कालावधीपेक्षा जास्त वेळ तो सलग चालू ठेवल्यावर प्लगजवळ वायरचे आवरण मऊ पडले आणि आतली तार दिसू लागली. एवढा वेळ चाचणी घ्यावी असे मानक सांगत नाही, आणि घेतलीच तर निष्कर्ष कळवावा असेही त्यात नाही. म्हणून अहवालात उल्लेख नको, असे कायदा सल्लागारांचे मत आहे. अहवालावर सही माझी असते. मी काय करावे?

प्रतिसाद १:
मानक ही किमान मर्यादा असते. ‘टायटॅनिक’च्या वेळी लागू असलेल्या ब्रिटिश नियमांत १०,००० टन व त्यापुढील सर्व जहाजांसाठी एकच श्रेणी होती, त्यामुळे ४६,००० टनांच्या त्या जहाजाला १६ जीवरक्षक नौका पुरेशा ठरत होत्या. प्रत्यक्षात २० होत्या, म्हणजे नियमापेक्षा जास्तच. तरीही १९१२ च्या त्या प्रवासात जहाजावर सुमारे २,२०० माणसे आणि नौकांत जागा ११७८ जणांची होती. ही वजाबाकी नियमाने कोणाला करायला सांगितली नव्हती, एवढेच. तुम्ही तर तार उघडी पडलेली डोळ्यांनी पाहिली आहे.

प्रतिसाद २:
थोडा वेगळा विचार मांडतो. प्रत्येक कर्मचारी स्वतःच्या मनाने मानक वाढवू लागला तर नियमांना अर्थ उरणार नाही, आणि सल्लागारांचे काम कायदा सांगण्याचे आहे, ते त्यांनी केले. करविवरणातील एखाद्या संदिग्ध कलमाचा अर्थ आपल्या बाजूने लावणे मला गैर वाटत नाही, कारण तो अर्थ कर खात्यासमोर उघडपणे मांडता येतो. येथे मात्र धोका ग्राहकाच्या जिवाला आहे आणि त्याला त्याची कल्पनाही नाही, त्यामुळे गप्प राहण्याचे समर्थन मीही करणार नाही.

प्रतिसाद ३:
गर्भवतींनी घेतल्यास बाळांत गंभीर व्यंगे निर्माण करणारे औषध म्हणून पुढे कुप्रसिद्ध झालेल्या थॅलिडोमाइडचा अर्ज १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेतील (एफडीए) अधिकारी फ्रान्सिस केल्सी यांच्याकडे आला, तेव्हा अमेरिकी कायद्यानुसार ६० दिवसांत हरकत न घेतल्यास औषध आपोआप बाजारात येऊ शकत असे. अर्जातील माहिती अपुरी आहे असे कळवून त्यांनी तो पुनःपुन्हा परत पाठवला. कायद्याने दिलेला वाव त्यांनी गोळी घेणाऱ्याच्या बाजूने वापरला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तुम्हालाही वाव आहे. विहित चाचण्यांचा निकाल आहे तसाच द्या; त्याखाली ‘अतिरिक्त निरीक्षण’ म्हणून कालावधी, तापमान आणि आवरणाची छायाचित्रे जोडा. तो भाग वगळायचा असेल तर तसा आदेश लेखी मागा. सोबत जास्त तापमान सहन करणारी वायर लावून तीच चाचणी पुन्हा घेण्याचा प्रस्ताव द्या, म्हणजे उत्पादन विभागालाही तुमच्या टिपणावर प्रत्यक्ष काही करता येईल.