वडिलांच्या संग्रहातील नाणी: कोणती ठेवावीत, कोणती विकावीत?

प्रश्न (महाल, नागपूर)

वडिलांच्या पश्चात त्यांचा नाणेसंग्रह मी आणि माझी धाकटी बहीण अशा दोघांकडे आला आहे. लोखंडी पेटीत रुपयाची साधारण दीडशे जुनी नाणी, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, काही शिवराई (शिवाजी महाराजांच्या काळापासूनची तांब्याची नाणी) आणि एका खणाच्या पिशवीत फार्सी अक्षरांची ओबडधोबड नाणी आहेत. घराच्या दुरुस्तीसाठी यातील काही विकणे भाग आहे. इतवारीत एका दुकानात सगळे रुपये एकदम तराजूत टाकून चांदीच्या भावाने रक्कम सांगितली गेली, आणि पिशवीतील नाणी घासलेली म्हणून बाजूला सारली गेली. मन धजावले नाही, परत घेऊन आलो. निवड कोणत्या कसोटीवर करावी?

उत्तर १

दादा, परत आणलेत हे फार बरे केलेत. आधी रुपयांवरची साले वाचा. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातला यंत्रावर पाडलेला, रुपया ११.६६ ग्रॅमचा असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आहे. १९४० ते १९४५ च्या रुपयात ती निम्मीच उरते, आणि १९४६-४७ चा रुपया तर निकेलचा आहे. हे सारे एकत्र तोलले, तर जुन्या रुपयांची चांदी नव्यांच्या भावात जाते.

राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेले, रुपये मात्र भिंगाखाली, उजेडात, सावकाश पाहावेत. १८७४ पर्यंतच्या रुपयांवर १८६२ हेच साल कायम राहिले, आणि मुंबई टाकसाळीने खरे वर्ष कळावे म्हणून बारीक ठिपके दिले. वरवर सारखे दिसणारे दोन रुपये म्हणूनच वेगळे निघतात, आणि संग्राहक त्या ठिपक्यांसाठीच जास्त किंमत देतो. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया सापडल्यास तो अजिबात वजनावर देऊ नका. त्यावरील राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाल्याने पुढच्याच वर्षी तो बदलण्यात आला. १९३९ चा रुपयाही अतिशय दुर्मीळ आहे. एकाच प्रकारची, झिजलेली, चार-पाच वेळा आलेली नाणी मात्र निःशंक विका.

उत्तर २

माझा जीव त्या खणाच्या पिशवीत अडकला आहे. नागपूरकर भोसल्यांची नाणी मुघल बादशहाच्या नावाने, फार्सी अक्षरांत पाडली जात. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने अर्धीच अक्षरे उमटत. दुकानदाराला जी झीज वाटली, ती कदाचित मूळचीच असेल. जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय त्यातले एकही देऊ नका. अजब बंगल्याच्या, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या, संग्रहातही जुनी नाणी आहेत, तिथे चौकशी करता येईल. याउलट शिवराई पाहून हुरळून जाऊ नये, कारण दुदांडी (दोन दांड्यांची खूण असलेली) शिवराई महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ, फार मोठ्या संख्येने पाडली गेली.

परदेशातून कोणी मागणी केली तर नकार द्यावा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

उत्तर ३

कृपया नाणी घासू नका. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला चिंच लावून रुपये लख्ख करायची पद्धत होती; आजीचे बंदे रुपये चकचकीत झाले, पण त्यांवरील चेहऱ्याच्या केसांच्या रेषा पुसल्या गेल्या. आधी पैसे भरा, मग लाखो रुपये देतो असे कोणी फोनवर सांगितले, तर बोलणे तिथेच थांबवा. रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये अशा फसवणुकीबाबत सावध केले आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल बहिणीसोबत बसून साले वाचली. १९४० नंतरचे सदतीस रुपये वेगळे निघाले. ते आणि जादा असलेले पंचम जॉर्जचे रुपये विकायचे ठरले आहे. राणीछाप अकरा आहेत, त्यांतील दोहोंवर ठिपके दिसले, पण ते मोजायला आमचे भिंग अपुरे पडते. पिशवी बहिणीकडे राहील. नाणी वाचून झाल्यावर काय निघाले ते येथे लिहीन.