‘द नेम ऑफ द रोज’ अनुवादात वाचताना : कुठे अडतं, कसं सुटतं?

कोल्हापूरकर वाचकांसाठी हा धागा. उम्बेर्तो एको यांची मूळ इटालियन कादंबरी १९८० ची, विल्यम वीव्हर यांचा इंग्रजी अनुवाद १९८३ चा. मठातले खून म्हणून उत्साहाने उघडलेलं पुस्तक पन्नासाव्या पानाला मिटतं. ज्यांनी तडीस नेलंय त्यांनी नेमकं कसं वाचायचं ते लिहा. खुनी कोण, हे मात्र कुणीही फोडू नका.

राजारामपुरी :
पहिली शंभर पानं जड लागतात, त्यात अनुवादकाचा दोष नाही. मठाची चाल अंगी बाणावी म्हणून ती मुद्दाम तशी ठेवली, हे एकोंनीच नंतर लिहिलंय. इथे घाई करू नका. चर्चच्या दारावरच्या शिल्पांचं लांबलचक वर्णन मोठ्याने वाचा. नुसत्या डोळ्यांनी ते घसरून जातं.

शाहूपुरी :
कथा सात दिवसांची आणि प्रकरणांना प्रार्थनेच्या वेळांची नावं. पुठ्ठ्याच्या खूणपट्टीवर लिहून ठेवा : मॅटिन्स रात्री अडीच-तीन, लॉड्स पहाटे पाच-सहा, प्राइम साडेसात, टर्स नऊ, सेक्स्ट दुपारी बारा, नोन्स दोन-तीन, व्हेस्पर्स साडेचार, कॉम्प्लिन सहा. नोव्हेंबरअखेर असल्याने अंधार लवकर पडतो. वेळ चुकली की संशय भलत्याच माणसावर जातो.

पट्टीच्या मागे माणसं, पण कामासकट. मलाकी ग्रंथपाल, बेरेंगार त्याचा मदतनीस, सेव्हेरिनस वनौषधींचा जाणकार, रेमिजिओ कोठारावरचा. नुसती नावं लिहिलीत तर तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे साधू सारखेच वाटू लागतात.

मंगळवार पेठ :
लॅटिन वाक्यं वीव्हर यांनी तशीच ठेवलीत. प्रत्येकासाठी मोबाइल काढलात तर धागा तुटतो. पेन्सिलीने खूण करून पुढे जा, दिवस संपला की एकदम बघा. ज्या वाक्यावर विल्यम (खुनांचा तपास करणारा साधू) थांबतो, तेवढंच लगेच शोधा.

शुक्रवार पेठ :
खरी अडचण लॅटिनपेक्षा वादाची आहे, आणि तो वगळणाऱ्यांची कादंबरी अर्धीच राहते. काळ १३२७ चा. ख्रिस्ताच्या आणि शिष्यांच्या मालकीचं काहीच नव्हतं, असं फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या पंथाचे साधू) मानत. पोप बाविसावे जॉन यांनी १३२३ मध्ये ते पाखंड ठरवलं. सम्राट लुई फ्रान्सिस्कनांच्या बाजूचा, कारण त्याचं पोपशी वैर. इथल्या ‘पॉव्हर्टी’ला ‘गरिबी’ समजू नका, ‘अपरिग्रह’ म्हणा. जैन मठ आणि मुनी जवळून पाहिलेल्या आपल्या गावाला तो शब्द शिकवावा लागत नाही. मठ बेनेडिक्टाइनांचा (संत बेनेडिक्टच्या पंथाचा), विल्यम फ्रान्सिस्कन, कथा सांगणारा त्याचा तरुण शिष्य अॅडसो बेनेडिक्टाइन. एवढं पक्कं ठेवलं की पाचव्या दिवसाची चर्चा कळते.

राजारामपुरी :
आणखी एक. मठाचं ग्रंथालय म्हणजे भुलभुलैया; त्याचा नकाशा पुस्तकात उशिरा येतो, आधी उघडू नका. खोल्या ५६ आहेत. चौकटीच्या वहीत खोली काढत चला, त्या खोलीच्या भिंतीवर लिहिलेल्या ओळीचं पहिलं अक्षर त्या चौकोनात लिहा आणि खिडकी असेल तर टिंब द्या.