मदत हवी आहे: मिरामारच्या वाळूत धावणे आणि टाचेमागची शीर

मंडळी, गोव्यात मिरामार ते करंझाळे या किनाऱ्याच्या पट्ट्यात सकाळी धावणाऱ्या चाळिशीतल्या तिघांना टाचेच्या मागे, पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर (अकिलीस टेंडन) हाडाला चिकटते अगदी तिथेच दुखतंय. उठल्यावर पहिली दहा पावलं जड, मग मोकळं. सूज नाही, पोटरी दाबल्यावर पाऊल नीट हलतं, म्हणजे शीर तुटलेली नाही.

कारण बहुतेक वाळूच. कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच खाली रुतते, शीर जास्त ताणली जाते आणि मेहनतही दीडपट लागते. ओल्या घट्ट वाळूत हा त्रास कमी. पण ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे साडेपाचला तो पट्टा रोज कुठून मिळणार? शिवाय किनारा समुद्राकडे उतरता. एकाच दिशेने धावून रस्त्याने परतलं की एका पायावर सगळा भार.

पायरीवर टाच खाली सोडायचा व्यायाम (गुडघा सरळ ठेवून 15 वेळाचे 3 संच, वाकवून 15 वेळाचे 3 संच, दिवसातून दोनदा, 12 आठवडे) सगळेच सांगतात. पण दुखणं हाडाजवळचं असेल तर टाच पायरीखाली नेली की शीर हाडावर दाबली जाते. म्हणून सपाट जमिनीवरच सुरू केलाय.

विचारायचं ते असं: व्यायाम करताना 10 पैकी किती दुखणं चालवून घ्यावं? बुटात 1 सेंमीची टाचगादी किती आठवडे ठेवावी? वाळू पूर्ण बंद, की आठवड्यातून एकदा 2 किमी चालेल? अनवाणी धावणाऱ्यांनीही सांगा. ‘विश्रांती घ्या’ एवढंच नको.