शिंगणापूरची कवाडे आणि देवाचा धाक

वाटसरू (चर्चाप्रस्ताव):

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना चौकटी आहेत, कवाडे नाहीत. कुत्री-मांजरे आत शिरू नयेत म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावतात. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही, ही त्यामागची श्रद्धा. जानेवारी 2011 मध्ये यूको बँकेने तिथे शाखा उघडली, तेव्हा तिनेही या श्रद्धेचा मान राखत काचेचे दार बसवले आणि दिसेल असे कुलूप त्याला लावले नाही. (न दिसणारा बंदोबस्त होताच, शेवटी ती बँक आहे.) मात्र त्याआधीच, 2010 साली, एका भाविकाच्या गाडीतून रोकड आणि ऐवज गेल्याची तक्रार झाली होती. 2015 साली गावात पोलीस ठाणे सुरू झाले, आणि 2025 साली तर देवस्थानाच्याच नावाने बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे लाटल्याचा गुन्हा नोंदवला गेला.

‘देवाधर्माचा धाक उरला नाही म्हणून गुन्हे वाढले’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मला हे पटत नाही. ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो आणि शेजाऱ्याची परात कुणाच्या ओसरीवर दिसली तर संध्याकाळपर्यंत गावभर होते, तिथे शनी नसता तरी चोऱ्या कमीच झाल्या असत्या. माणूस भितो तो माणसांच्या नजरेला, देवाला नव्हे. वेगळे मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

मालकरी:

माझे वडील चाळिशीपर्यंत हातभट्टीची पीत असत. पंढरपुरात माळ घातली त्या दिवसापासून जाईपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, ते थेंबालाही शिवले नाहीत. गावातली भट्टी बंद पडली नव्हती, पोलीस वाढले नव्हते आणि आईचे बोलणे तर त्याआधीही चालूच होते. एकदा मळणीच्या वेळी माळ तुटली, तेव्हा भर उन्हात खळ्यात बसून त्यांनी एकेक मणी वेचला, आणि माळ ओवून पुन्हा गळ्यात पडेपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. त्या वेळी तिथे मी एकटा होतो, आणि मी आठ वर्षांचा होतो. वाटसरू म्हणतात ती माणसांची नजर यात कुठे आली, ते त्यांनी सांगावे.

मे 1960 मध्ये भिंड-मोरेनाच्या बेहडांत विनोबांसमोर वीसएक बागींनी, म्हणजे दरोडेखोरांनी, शस्त्रे ठेवली. याच विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली होती. पोलिसांच्या बंदुकीला वर्षानुवर्षे न जुमानणारी माणसे एका निःशस्त्र म्हाताऱ्यापुढे का वाकली, याचे उत्तर ‘शेजारी काय म्हणतील’ एवढ्यात मिळत नाही.

आकडेमोड:

एका वडिलांवरून समाजाचा नियम काढता येत नाही, मग ते वडील कितीही आदरणीय असोत. डेन्मार्कमध्ये चर्चमध्ये नियमाने जाणारे लोक अगदी थोडे आहेत, तरी तिथे लाखामागे वर्षाला साधारण एकच खून होतो. जपानमध्ये त्याहूनही कमी. याउलट एल साल्वादोर हा कट्टर श्रद्धावान देश. 2015 साली तिथे लाखामागे शंभरांहून अधिक खून झाले. 2022 साली तिथल्या सरकारने आणीबाणी पुकारून टोळीवाले असल्याच्या संशयावरून हजारोंना तुरुंगात टाकले, आणि अधिकृत आकडा दोनच्या आसपास आला. (त्यात किती निरपराध आत गेले, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे.) देव तोच, चर्च तेच, बदलला तो फक्त पकडले जाण्याचा संभव.

2012 साली शरीफ आणि रेमतुल्ला या मानसशास्त्रज्ञांनी 67 देशांची माहिती तपासली, तेव्हा नरकावरचा विश्वास जिथे अधिक तिथे गुन्हे कमी आणि स्वर्गावरचा विश्वास जिथे अधिक तिथे गुन्हे जास्त, असे आढळले. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. तरी ‘श्रद्धा’ हा एकच पदार्थ मानून तिच्या बाजूने वा विरोधात बोलणे किती निरर्थक आहे, ते यावरून दिसते.

मालकरी:

साल्वादोरचा दाखला आपण अर्धाच दिलात. तिथल्या टोळीतून जिवंत बाहेर पडण्याची वाट जवळजवळ नव्हती. मात्र एखाद्याने मनापासून इव्हँजेलिकल हा ख्रिस्ती पंथ स्वीकारला तर टोळी त्याला पुष्कळदा सोडून देत असे. खुनी माणसांनाही श्रद्धेने माणूस बदलतो हे मान्य होते!

आकडेमोड:

मान्य, पण सोडलेला माणूस दारू पितो का, प्रार्थनेला जातो का, यावर ती टोळी पाळत ठेवत असे. ढोंग उघड झाले तर जीव जात असे. म्हणजे पुन्हा नजरच.

निवृत्त शिरस्तेदार:

तालुका न्यायालयात माझी तीस वर्षे गेली. ‘ईश्वरसाक्ष खरे सांगेन’ म्हणून पुढच्याच वाक्याला धडधडीत खोटे बोलणारे साक्षीदार मी इतके पाहिले की शपथ देताना माझे लक्ष घड्याळाकडे असे. पण एक प्रसंग विसरलो नाही. दोन चुलत भावांचा सामाईक विहिरीच्या पाळीवरून दावा होता. थोरल्याने पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर सांगितले की पाळी ठरलीच नव्हती. बाहेर व्हरांड्यात धाकटा त्याला म्हणाला, “दादा, हेच गावच्या खंडोबापुढे बेल-भंडारा उचलून म्हण, मी दावा काढून घेतो.” थोरला काही न बोलता चपला घालून निघून गेला.

वाटसरू:

शिरस्तेदारसाहेब, हे तर माझ्याच बाजूचे झाले. न्यायालयात त्याला ओळखणारे चार जण, खंडोबाच्या देवळात सारा गाव. तो खंडोबाला भ्यायला की गावाला?

निवृत्त शिरस्तेदार:

मलाही आधी तसेच वाटले होते. पण पुढच्या तारखेला धाकट्याने सांगितले की त्याने गावासमोर म्हणण्याची अटही सोडली होती. “पहाटे ये, गुरवालाही उठवत नाही, तू आणि मी दोघेच, नंतर मी कुणाला सांगणार नाही,” असा निरोप त्याने धाडला होता. थोरला तेव्हाही आला नाही. दाव्याचा निकाल मात्र त्याच्याच बाजूने लागला.