मदत हवी आहे: चार वर्षांच्या मुलीला घेऊन इमॅजिका, बॅगेत काय भरू?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला आणि तिथून गाडी करून खोपोलीच्या इमॅजिकाला जातोय. एक दिवस थीम पार्क, एक दिवस वॉटर पार्क.

खरी अडचण स्ट्रोलरची. लेक एरवी घरभर धावते, पण दुपारी दोननंतर "आई, कडेवर!" सुरू. ट्रेनमध्ये स्ट्रोलर म्हणजे सीटखाली नुसती अडगळ. सासूबाई म्हणतात, ओढणीने पाठीशी बांध. बांधेनही, पण सोळा किलो आहे हो! घडीचा हलका स्ट्रोलर कुणी नेलाय का? की आत भाड्याने मिळतो?

वॉटर पार्कला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घेतलाय. पायात क्रॉक्स द्यावेत की पट्ट्याच्या सँडल? ओल्या फरशीवर क्रॉक्स घसरतात असं मला वाटतं, नवऱ्याला पटत नाही.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण लहान मुलांच्या मऊ भाताला गेटवर सूट मिळते का? सेव-परमल (शेव-कुरमुरे) ट्रेनपुरतं घेतलंच आहे, इंदूरची माणसं त्याशिवाय रतलामच्या पुढे जात नाहीत.

आणि तिची उंची मोजून ठेवा, राइडला वय नाही उंची बघतात, हे जाऊबाईंनी सांगितलं. तिच्या वयाच्या मुलांना कुठल्या राइड आवडल्या तेही लिहा.